शंभरातल्या नऊ जणी

संख्याशास्त्र हा विषय बी. ए.च्या विद्यार्थ्याने गुणांपुरता करावा आणि परीक्षा संपताच विसरावा, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. सरासरी, मध्यगा, बहुलक इथपर्यंत गाडी बरी चालते. सहसंबंध आला की मागची बाके रिकामी होऊ लागतात. त्याच्याही पुढे एक प्रकरण येते, त्याचे नाव आंतरक्रिया. सरमंडळी त्याला इंटरॅक्शन म्हणतात. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच, त्यामुळे हा शब्द समजावून सांगणारे घरी कोणी नव्हते. पण पुस्तक दोनदा वाचल्यावर माझे मत असे झाले की, खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्रातले दुसरे काही कळले नाही तरी चालेल, हे कळायला हवे. म्हणून हा लेख.

चल म्हणजे जे माणसागणिक, शेतागणिक, गावागणिक बदलते ते. खत हे चल, पाणी हे चल. वय, मिळकत, शिक्षण हीही चलेच. एखाद्या परिणामामागे दोन चले असली की आपण त्यांची सरळ बेरीज करतो. खताने इतके वाढले, पाण्याने इतके वाढले, दोन्ही दिले तर दोन्ही मिळून इतके. वाण्याच्या वहीत ही रीत ठीक आहे. शेतात ती चालत नाही, आणि हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. आपल्या फुलंब्री तालुक्यात कपाशी, मका, अद्रक ही पिके. पावसाने ताण दिलेला असताना कोणी कोरडवाहू रानात युरियाची गोणी फोडली, तर शेजारचा म्हातारा बांधावरूनच ओरडतो, "वल नाही तं खत कायला टाकतो, पीक जळंल ना!" हा म्हातारा आंतरक्रियाच सांगत असतो.

समजुतीपुरते आकडे घेऊ. एकरी कापूस समजा असा आला : खतही नाही आणि पाणीही नाही, तर ३ क्विंटल. नुसते खत दिले, तर ४. नुसते पाणी दिले, तर ६. म्हणजे खताचा वाटा १, पाण्याचा ३. बेरजेच्या रीतीने दोन्ही दिल्यावर ७ क्विंटल यायला हवेत. प्रत्यक्षात समजा १० आले. मग हे वरचे ३ क्विंटल कोणाच्या खात्यावर लिहायचे? खताच्या लिहिता येत नाहीत, पाण्याच्याही नाहीत. ते दोघांच्या भेटीचे आहेत. बेरजेत न बसणारा हा जो भाग, जादा असो वा उणा, त्याला आंतरक्रिया म्हणतात. दुसऱ्या शब्दांत, खताचा परिणाम किती, या प्रश्नाला "पाणी आहे का?" असा उलट प्रश्न विचारल्याशिवाय उत्तरच नसते. पाणी नसेल तर १, असेल तर ४.

कधी कधी तर परिणामाची दिशाच फिरते. काळ्या भारी जमिनीत कपाशीचा उशिरा येणारा वाण सरस ठरतो, आणि मुरमाड हलक्या जमिनीत, जिथे ओल लवकर संपते, तिथे लवकर येणारा वाण बरा. अशा वेळी "कोणता वाण चांगला?" हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नाही. तरीही बियाण्याच्या दुकानात तो रोज विचारला जातो आणि रोज त्याला उत्तरही मिळते!

ही गोष्ट शास्त्रात आली तीही शेतातूनच. रोनाल्ड फिशर हे इंग्रज संख्याशास्त्रज्ञ १९१९ साली रोथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात दाखल झाले. त्या काळची समजूत अशी की, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बाकीच्या स्थिर ठेवाव्यात. शाळेच्या प्रयोगवहीत आपणही हेच लिहून आलो. फिशर यांनी १९२६ साली एका लेखात याच्या उलट मत मांडले : निसर्गाला एकेक सुटा प्रश्न विचारण्यापेक्षा अनेक प्रश्न एकदम विचारावेत, म्हणजे तो नीट उत्तर देतो. वरच्या उदाहरणात पाहा. कोरड्या रानातच खताचा प्रयोग केला आणि खताविनाच पाण्याचा केला, तर ४ आणि ६ हे आकडे मिळतील. १० हा आकडा कधीच दिसणार नाही. त्यासाठी चारही तुकडे शेजारी शेजारी पेरावे लागतात. अशा प्रयोगांची पद्धतशीर मांडणी करणारी फ्रँक येट्स यांची पुस्तिका १९३७ मध्ये निघाली.

आपल्या मराठी माणसांत या संदर्भात डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव घ्यायला हवे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली त्यांचा जन्म झाला, संख्याशास्त्राचे उच्च शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत अनेक वर्षे काढली. निवृत्तीनंतर पुण्यात काम करताना त्यांनी एका मुद्द्यावर फार भर दिला. कुपोषणाचा विचार नुसत्या अन्नाच्या मापाने करू नये, स्वच्छ पाणी आणि स्वच्छता यांचाही करावा. ज्या मुलाला दूषित पाण्याने वरचेवर जुलाब होतात, त्याच्या अंगी खाल्लेले लागत नाही. भाकरीचा परिणाम पाण्यावर अवलंबून आहे, जसा युरियाचा ओलीवर. (किती उष्मांक पुरेसे मानायचे यावर त्यांचा वि. म. दांडेकरांशी मोठा वाद झाला. तो येथे नको.)

शेत झाले, पोट झाले. आता शाळेकडे वळते, कारण या लेखाचे खरे प्रयोजन तेथे आहे. भारताच्या जनगणनेत सात वर्षे व त्यावरील वयाच्या माणसांची साक्षरता मोजतात. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, म्हणून २०११ चे आकडे घेते. महाराष्ट्रात शंभरी साक्षर असे होते :

शहरातील पुरुष : ९२.१२
शहरातील स्त्रिया : ८४.८९
खेड्यातील पुरुष : ८५.१५
खेड्यातील स्त्रिया : ६८.५४

कापसाच्या चार तुकड्यांसारखेच हे चार आकडे आहेत. दोन चले : राहण्याची जागा आणि लिंग. आता हिशेब करू. शहरात राहून स्त्री असण्याची किंमत ७.२३. पुरुष असून खेड्यात राहण्याची किंमत ६.९७. दोन्ही किमती साधारण सातच आहेत, आणि म्हणून शहरातली बाई व खेड्यातला पुरुष जवळजवळ एकाच पायरीवर, पंच्याऐंशीवर, उभे दिसतात. मग जी खेड्यातही आहे आणि स्त्रीही आहे तिला दोन्ही किमती मोजाव्या लागल्या, असे धरले तर ती ७७.९२ वर असायला हवी होती. ती आहे ६८.५४ वर. मधले ९.३८ कोठे गेले?

ते गावाच्या खात्यावर लिहिता येत नाहीत. गावाची किंमत तर पुरुषानेही मोजली आणि ती सातच भरली. स्त्री असण्याच्या खात्यावरही लिहिता येत नाहीत. ती किंमत शहरातल्या बाईने मोजली आणि तीही सातच. शंभर खेडुत बायांमागे नऊ जणी अशा आहेत की ज्यांची अक्षरे या दोन्ही खात्यांच्या बाहेर हरवली आहेत. गाव आणि बाईपण यांच्या भेटीत ती हरवली. माझ्या मते महाराष्ट्राच्या साक्षरतेबद्दल दहा पानी निबंधातून जे कळत नाही ते या एका वजाबाकीतून कळते.

हेच समीकरणात मांडतात ते असे. गाव असेल तर १, नसेल तर ०. स्त्री असेल तर १, नसेल तर ०. मग

साक्षरता = ९२.१२ − ६.९७ × गाव − ७.२३ × स्त्री − ९.३८ × गाव × स्त्री

शेवटच्या पदात दोन चलांचा गुणाकार आहे. तोच आंतरक्रियेचा. दोघांपैकी एक जरी शून्य असले तरी ते पद नाहीसे होते. दोन्ही असतील तेव्हाच ते जागे होते. येथे एक सापळा आहे आणि तो पुष्कळांना लागतो. समीकरणात "स्त्री"समोर ७.२३ लिहिलेले पाहून कोणी म्हणेल की, महाराष्ट्रात स्त्री-पुरुषांच्या साक्षरतेत सात टक्क्यांचा फरक आहे. हा फरक फक्त शहराचा आहे, कारण गाव शून्य धरल्यावरच बाकीची पदे गळतात. खेड्यातला फरक ७.२३ अधिक ९.३८, म्हणजे १६.६१. गुणाकाराचे पद आले की सुट्या चलांचे अर्थ बदलतात, आणि त्यांना एकेकटे वाचणे हे अर्धे वाक्य वाचण्यासारखे आहे.

सरासरीचेही तसेच. सबंध राज्यात पुरुष ८८.३८ आणि स्त्रिया ७५.८७, म्हणजे फरक साडेबाराचा. हा आकडा वर्तमानपत्रांत येतो, भाषणांत येतो, सामान्यज्ञानाच्या परीक्षेतही येतो. पण साडेबाराचा फरक शहरात नाही आणि खेड्यातही नाही. तो कोणाचाच नाही.

आंतरक्रिया आणि सहसंबंध यांची गल्लत होते, म्हणून एक खुलासा करते. दोन चले एकमेकांशी निगडित असतील तरच त्यांची आंतरक्रिया होते, असे नाही. बाया शहरातही निम्म्याच्या जवळपास आणि खेड्यातही निम्म्याच्या जवळपास. गाव आणि लिंग यांचा आपसात म्हणण्यासारखा संबंध नाही. तरीही साक्षरतेवर ते दोघे एकत्र आले की बेरीज मोडते. सहसंबंध ही दोन चलांची आपसातली गोष्ट आहे. आंतरक्रिया ही त्यांनी मिळून तिसऱ्यावर केलेल्या परिणामाची.

आता हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्या विभागातले सर मला सोडणार नाहीत. वर मी साक्षरांचे आकडे वजा केले. त्याऐवजी निरक्षरांचे घेतले आणि वजाबाकीऐवजी भागाकार केला तर काय दिसते? २०११ मध्ये शहरात शंभरी निरक्षर पुरुष ७.८८ आणि स्त्रिया १५.११, म्हणजे १.९ पट. खेड्यात पुरुष १४.८५ आणि स्त्रिया ३१.४६, म्हणजे २.१ पट. पटीच्या मापाने पाहिले तर शहर आणि खेडे यांत फारसा फरक उरत नाही! गावाने निरक्षरता जवळपास दुप्पट होते, बाईपणाने जवळपास दुप्पट होते, आणि दोन्हींनी जवळपास चौपट. बेरजेत न बसलेले नऊ गुणाकारात बऱ्याच अंशी बसून जातात.

मग आंतरक्रिया आहे की नाही? उत्तर असे की, ती मापावर अवलंबून असते. "आंतरक्रिया आहे" असे म्हणणाऱ्याने कोणत्या मापाने, हे सांगायलाच हवे. २००१ चे आकडे शेजारी ठेवले तर ही गोष्ट आणखी मजेदार होते. तेव्हा शहरात पुरुष ९१.०३, स्त्रिया ७९.०९, खेड्यात पुरुष ८१.९० आणि स्त्रिया ५८.४०. वजाबाकीच्या मापाने आंतरक्रिया तेव्हा ११.५६ होती, ती दहा वर्षांत ९.३८ वर आली : सुधारणा. पण पटीच्या मापाने २००१ मध्ये शहरात निरक्षर बाया पुरुषांच्या २.३ पट आणि खेड्यातही २.३ पट, म्हणजे आंतरक्रिया जवळजवळ नव्हतीच. २०११ मध्ये ती थोडी उगवली, कारण शहरातल्या बायांनी अंतर अधिक वेगाने तोडले. एकच जनगणना, तेच आकडे, आणि दोन मापे दोन उलट गोष्टी सांगतात. दोन्ही खऱ्या आहेत.

माझे मत विचाराल तर, ज्याला वर्ग भरवायचे आहेत, खडू-फळा आणि शिक्षक पाठवायचे आहेत, त्याने वजाबाकीचे माप घ्यावे. पटीला घर नसते, चेहरा नसतो. शंभरातल्या नऊ जणी मोजता येतात आणि दाखवताही येतात. ज्याला प्रगतीचा वेग तोलायचा आहे त्याने पटही पाहावी. पुरुषांची साक्षरता नव्वदीच्या घरात पोचली की पुढे चढायला जागाच उरत नाही, आणि मग नुसत्या छतामुळेही वजाबाकीतला फरक कमी होत जातो. त्याचे श्रेय लगेच कोणी घेऊ नये.

आकडा कोठे पाहावे ते सांगतो, का ते सांगत नाही. का, हे शोधायला माझ्या घरातली चार माणसे घेते; चार माणसांनी काही सिद्ध होत नाही, फक्त वाट दिसते. माझ्या आईच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती. पुढची शाळा दुसऱ्या गावात, मधे ओढा. मामा चालत गेला, पुढे सायकलने गेला आणि दहावी झाला. आई चौथीनंतर घरी राहिली. ओढ्यापलीकडे मुलीला एकटी कशी धाडायची, हा प्रश्न होता. तिची चुलत बहीण शहरात वाढली. तिची शाळा दोन गल्ल्या सोडून होती, तीही दहावी झाली, आणि तिचा भाऊही झाला. त्या घरातले विचार आमच्या आजोबांपेक्षा फार पुढारलेले होते असे मुळीच नाही. मुलीच्या जातीला एवढे शिकून काय करायचे, हे तिथेही बोलले जाई. पण तिथे रस्ता दोन गल्ल्यांचा होता. अंतर मामालाही होते आणि रीतभात मावशीलाही होती. अंतर आणि रीतभात एकाच मुलीच्या वाट्याला आली तेथे शाळा थांबली. आणि हेही ध्यानात घ्यावे की, चौथी शिकलेली माझी आई जनगणनेत साक्षर आहे, कारण कोणतीही एक भाषा समजून लिहिता-वाचता आली की साक्षर. वरच्या नऊ जणींत तिची गणना झालेलीच नाही. शाळेची किती वर्षे झाली हे मोजले असते तर काय दिसले असते, याचा विचार वाचकांनी करावा.

आंतरक्रिया ओळखून केलेली योजना कशी असते याचे एक चांगले उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरून रोज जाते. एस. टी. महामंडळाच्या गाड्यांतून ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेखाली मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांत मुलींसाठी बसगाड्या आहेत, त्याही याच जातीच्या. ही सवलत सरसकट सगळ्या मुलींना नाही, सगळ्या खेडुत विद्यार्थ्यांनाही नाही. ती नेमकी त्या चौथ्या चौकटीला आहे, जेथे गाव आणि मुलगी हे दोन्ही एक-एक आहेत. समीकरणातल्या गुणाकाराच्या पदाला तिकीट माफ केले आहे म्हणा ना! मुलगे कुरकुरतात की आम्हालाही अंतर तेवढेच आहे. त्यांचे म्हणणे खरे आहे, पण त्यांचा आकडा ८५ आहे.

तिसरे चल घेतले की गोष्ट गुंतागुंतीची होते. येथे तिसरे चल म्हणून वय घ्यावे असे मला वाटते. सात वर्षांच्या मुलीपासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळ्या एकाच टक्केवारीत कोंबल्या आहेत. ज्या आजी कधी शाळेत गेल्याच नाहीत त्यांचा भूतकाळ आजच्या आकड्यात मुक्कामाला आहे. गाव आणि लिंग यांची आंतरक्रिया म्हाताऱ्यांत एक आणि तरुणांत दुसरी निघाली, तर तिला तीन चलांची आंतरक्रिया म्हणतात. चौकटी चाराच्या आठ होतात, चौथे चल आले की सोळा.

आणि येथेच हौशी पाहणीवाल्यांचे पाय घसरतात. जनगणनेत सगळ्यांची मोजणी असते, म्हणून नमुन्याच्या चुकीची चिंता नाही. आपण महाविद्यालयात २०० जणांची पाहणी केली तर मुलगे-मुली यांतला फरक शंभर विरुद्ध शंभर असा तपासता येतो. आंतरक्रियेसाठी त्याच दोनशेंच्या पन्नास-पन्नासच्या चार चौकटी होतात आणि फरकांचा फरक काढावा लागतो. त्याची प्रमाण त्रुटी दुप्पट असते. म्हणून तेवढ्याच आकाराची आंतरक्रिया तेवढ्याच खात्रीने पकडायची तर नमुना चौपट लागतो, दोनशेच्या जागी आठशे. तीन चलांत तर एकेका चौकटीत पंचवीस माणसे उरतात. त्यात "फरक आढळला नाही" असे निघाले तर त्याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. पाहणारा डोळा बारीक होता, एवढाच होतो. उलट बाजूने, दहा चले घेऊन त्यांच्या सगळ्या ४५ जोड्या तपासल्या, तर पाच टक्क्यांच्या कसोटीवर काही नसतानाही सरासरी दोन जोड्या "महत्त्वाच्या" म्हणून हाती लागतात. आधी कारण सुचावे, मग जोडी तपासावी. जोडी सापडल्यावर कारण शोधायला निघालेला माणूस नेहमीच काहीतरी शोधून काढतो.

पुढील जनगणनेची कोष्टके निघतील तेव्हा हा हिशेब कोणालाही पाठीमागच्या कोऱ्या पानावर करता येईल. चार आकडे, दोन वजाबाक्या, मग त्या दोघींची वजाबाकी. २००१ मध्ये ११.५६, २०११ मध्ये ९.३८. तिसरा आकडा कमी येईल हे जवळजवळ नक्की, पण त्यात छताचा वाटा किती आणि बसगाडीचा किती हे सबंध राज्याच्या टक्केवारीतून कळणार नाही. मी प्रथम वयाचे कोष्टक उघडीन, आणि त्यात खेड्यातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींचा रकाना.